पाकने केलेले दोन गोल

मिहिर, गेल्या महिन्यात तू फोनवर तुझ्या आवडत्या कोरियन खेळाडूबद्दल सांगत होतास. मी मधेच म्हणाले, की दक्षिण कोरिया पहिल्यांदा विश्वचषकाला गेला तेव्हा हंगेरीकडून नऊ आणि तुर्कस्तानकडून सात गोल खाऊन आला होता. पलीकडून तू तुझ्या आईला विचारल्याचं ऐकू आलं, "आजी बरी आहे ना?"

आजी बरी आहे. इथल्या एका दिवाळी अंकाने माझ्याकडे नोकरीतले अनुभव मागितले आहेत. मी त्यांना कळवलं, की मी हे माझ्या नातवंडांसाठी लिहिणार आहे, हवं तर प्रत घ्या. तेव्हा मिहिर आणि तन्वी, ही हकीकत तुमच्यासाठी आहे. इतरांनी वाचली तर माझी हरकत नाही. तशीही माझी एक चूक साऱ्या नागपूरने वाचलेली आहे.

मी नागपूरच्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. इंग्रजी घेऊन एम. ए. झाले होते आणि ते मी कोणाला विसरू देत नसे. फुटबॉलवर वीस वर्षांत किती लिहिलं याची गणती नाही, पण त्यातली बरीच वर्षं मी फुटबॉलचा एकही सामना पाहिलेला नव्हता. ऑफसाइड म्हणजे काय हे मला कळायला सहा वर्षं लागली. तोवर मी 'पंचांनी ऑफसाइड दिली' असं अगदी ठामपणे लिहीत होते.

उपसंपादकाचं काम असं असे. कोपऱ्यातला टेलिप्रिंटर दिवसभर खडखडत राही आणि त्यातून इंग्रजी बातम्यांची लांबच लांब पट्टी बाहेर पडे. सगळी अक्षरं कॅपिटल, आणि विरामचिन्हं आली तर आली. एकच बातमी दोन-तीन तुकड्यांत येई, आणि मधे दुसऱ्याच बातम्या घुसत. आपल्याला हवा तो तुकडा फाडायचा, त्याचं मराठी करायचं, वर मथळा द्यायचा आणि कागद खाली कंपोझिंग खात्यात पाठवायचा. तिथे कंपोझिटर एकेक खिळा, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर, उचलून ओळी जुळवत.

रात्रपाळी बायकांना देत नसत. क्रिकेट, हॉकी, लोकसभा, जे जे महत्त्वाचं ते सगळं संध्याकाळनंतर येई आणि पुरुष उपसंपादकांकडे जाई. माझ्या वाट्याला दिवसाचा उरलासुरला माल. आता कोरियाची घड्याळं आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिथे दुपारी सुरू झालेला सामना आपल्याकडे जेवणाच्या सुट्टीपर्यंत आटोपलेला असायचा. म्हणून कोरियाचा फुटबॉल माझा झाला. यात माझी आवड, अभ्यास किंवा दूरदृष्टी काही नव्हती. पृथ्वी ज्या बाजूने फिरते त्यामुळे हे घडलं.

माझी भीती एकच होती. आमचे वृत्तसंपादक देवपुजारी यांच्या मते बाईमाणसाची खरी जागा म्हणजे रविवारचं महिलांचं पान. तिथे पाककृती, विणकाम आणि बाळाच्या अंगावरचं पुरळ असे विषय असत. ते पान सांभाळणाऱ्या बाई लग्न होऊन इंदूरला गेल्यापासून देवपुजारी माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत विचार करत. मला बातम्यांच्या टेबलावरून उठायचं नव्हतं. त्यासाठी मी चुका करणंच बंद करायचं ठरवलं आणि एक नियमावली तयार केली. सत्तेचाळीस नियम, सुवाच्य अक्षरात, टेबलाच्या काचेखाली. चौदावा नियम असा होता: 'मथळ्यात जागेअभावी पाक चालेल, मजकुरात मात्र पाकिस्तान असे पूर्ण लिहावे.'

माझ्या कोरियाला वाचक एकच होता, तो म्हणजे आमचा हेड कंपोझिटर रामटेके. नागपुरातल्याच इंदोऱ्यात राहणारा, उंच, शांत माणूस. तरुणपणी एका गिरणीच्या संघात तो अनवाणी गोलकीपर होता आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं त्यामुळे कायमची वाकडी झालेली. रोज जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राही आणि विचारी, "बाई, कोरियाचं काही आलं का?"

एकदा मी त्याला विचारलं, की जगात इतके देश असताना कोरियाच का. तो म्हणाला, "जकार्ताले आपण एशियाडचं गोल्ड मारलं ना, ते कोरियाले हरवून मारलं. ज्याले आपण हरवलं, तो पुढं काय करून राहिला ते पाहा लागते."

तो पाहत होता, म्हणून मीही पाहू लागले. माझ्या खणात कोरियाचं एक कार्ड झालं, मग दुसरं, मग पुठ्ठ्याचा डबा. लढाई थांबून वर्षही झालेलं नसताना हे लोक विश्वचषकाला गेले आणि सोळा गोल खाऊन परत आले. मग घरी येऊन पळायला लागले. शाळाशाळांत संघ, सैन्यात संघ, बँकांचे संघ. सहासष्ट साली उत्तरेकडच्या कोरियाने इटलीला हरवलं तेव्हा जगाने तोंडात बोट घातलं. तो गोल करणारा माणूस दातांचा डॉक्टर असल्याचं आम्हीही छापलं होतं, पुढे कळलं की तसं काही नव्हतं. दक्षिणेने त्या स्पर्धेच्या पात्रता फेरीतून अंगच काढून घेतलं होतं. भावाचं हे यश तिला इतकं झोंबलं, की तिथल्या सरकारच्या गुप्तहेर खात्याने फुटबॉलचा संघ काढला. हे वाचून रामटेके गंभीरपणे म्हणाला होता, "आपल्या सीआयडीले मैदानावर आणलं त एक चक्कर तरी होईन का त्याच्यानं?"

त्या काळात पासष्टच्या युद्धाला फार दिवस झाले नव्हते. काचांना चिकटवलेला काळा कागद काही घरांनी अजून काढला नव्हता. अशात एका बुधवारी दुपारी आतल्या पानावर चार ओळींची जागा उरली. पान बांधायची घाई होती. मी टेलिप्रिंटरकडे गेले आणि क्वालालंपूरहून आलेल्या एका बातमीचा तुकडा फाडून आणला. तो दुसरा तुकडा होता. पहिला कोणीतरी आधीच उचलून नेला होता. तुकड्याची सुरुवात अशी होती, की पाकने भारताचा डिफेन्स दोनदा भेदला.

शिस्तीची बाई असल्याने मी शिस्तीत चुकले. चौदाव्या नियमाप्रमाणे 'पाक'चं 'पाकिस्तान' केलं. 'डिफेन्स'साठी बचावफळी हा साधा शब्द होता, पण एम. ए. झालेल्या बाईला तो मिळमिळीत वाटला. मी 'संरक्षणफळी' लिहिलं. शेवटची ओळ जागेत बसेना म्हणून ती कापली. फुटबॉल हा शब्द नेमका त्याच ओळीत होता.

कागद खाली गेला आणि पाचच मिनिटांत रामटेके जिना चढून वर आला.

"बाई, या मॅचमंदी पाकिस्तान आला कुठून? आपली मॅच कोरियासंगं आहे. पाक हे त्या प्लेअरचं आडनाव होय. कोरियात पाक नावाचे बहुत लोक असतेत, आपल्याकडं जोशी असतेत तसे."

माझ्या कार्डांवर देश आणि गोल असत, खेळाडूंची नावं नसत, त्यामुळे कोणाचं आडनाव पाक असू शकतं हे मला हास्यास्पद वाटलं. शिवाय सगळं संपादकीय खातं ऐकत होतं. मी म्हणाले, "रामटेके, कॉपीत आहे ते जुळवा." काचेखालच्या नियमावर मी बोटसुद्धा ठेवलं. तो नियम त्याने वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि खाली गेला.

गुरुवारी सकाळी नागपूरने वाचलं ते असं. मथळा: 'पाककडून संरक्षणफळीचा दोनदा भेद'. खाली: 'क्वालालंपूर, बुधवार. पाकिस्तानने आज भारताची संरक्षणफळी दोनदा भेदली. भारताला त्याला अखेरपर्यंत उत्तर देता आले नाही.'

मी कचेरीत पोचले तेव्हा फोन वाजत होता. ठेवला की पुन्हा वाजे. इतवारीतल्या भांड्यांच्या एका व्यापाऱ्याला दुकान उघडं ठेवावं की बंद करावं हे हवं होतं. त्याच्या शेजाऱ्याने त्याला सांगितलं होतं, की क्वालालंपूर हे पठाणकोटच्या जरा पुढे आहे. एका शाळेने मुलांना घरी सोडायचं का म्हणून विचारलं. यावर आज मी हसू शकते. तेव्हाही थोडा वेळ कचेरी हसत होती.

मग कळमन्याहून एक वयस्क गृहस्थ सायकल मारत आले. त्यांचा मुलगा फौजेत होता आणि सरहद्दीवर होता. बातमीच्या जागी घडी घातलेला पेपर त्यांच्या हातात होता. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की यात माणसं किती गेली ते दिलेलं नाही, ते कुठे कळेल. मी त्यांना खुर्ची दिली आणि सांगितलं, की ही फुटबॉलच्या सामन्याची बातमी आहे. ते रागावले नाहीत. पाणी प्यायले, पेपरची घडी नीट केली आणि म्हणाले, "मंग ठीक आहे." जाताना त्यांच्या हातून सायकलचं स्टँड दोनदा निसटलं. तुमची आजी खिडकीतून बघत होती.

दुपारी देवपुजारींनी चौकशी मांडली. छापखान्याचा रिवाज असा, की चूक झाली की आधी 'कॉपी काढा' म्हणायचं, म्हणजे उपसंपादकाने हाताने लिहिलेला मूळ कागद. जुळवून झालेली प्रत्येक कॉपी कंपोझिंग खात्यात टोकदार सळईत खोचून ठेवत. कॉपीत चूक असेल तर दोष उपसंपादकाचा. कॉपी बरोबर असेल, किंवा सापडलीच नाही, तर दोष कंपोझिटरचा, कारण ती सांभाळणं त्याचं काम.

रामटेकेने सळई वर आणून सगळ्यांसमोर एकेक कागद काढून दाखवला. बुधवारचे सगळे होते. तो एक नव्हता.

"नाही सापडली साहेब," तो म्हणाला.

देवपुजारींना आश्चर्य वाटलं, पण नियम तो नियम. रामटेकेला हेड कंपोझिटरच्या जागेवरून काढलं आणि वापरून झालेले खिळे परत आपापल्या खणात टाकायच्या कामावर बसवलं. नवशिक्यांना पहिल्या महिन्यात देतात ते काम. त्या वर्षी फोरमन निवृत्त होणार होता आणि ती जागा रामटेकेला मिळणार हे सर्वांना ठाऊक होतं. तीही गेल्यात जमा झाली.

मी त्या खोलीत उभी होते आणि बोलले नाही. मला बोलायचं होतं, पण आधी मुद्देसूद मांडणी करून मग बोलावं असं मी ठरवलं. भित्र्या माणसाला शिस्त फार उपयोगी पडते.

शुक्रवारी मी खाली गेले. रामटेके स्टुलावर बसून खिळे टाकत होता, आणि कालपर्यंत त्याच्या हाताखाली असलेली माणसं त्याच्याकडे न बघता काम करत होती. मी हळूच विचारलं, कॉपी कुठे आहे.

"चुलीत," तो म्हणाला.

"काहून?" मी विचारलं. नागपुरी बोलायचं नाही हा माझा पंचेचाळिसावा नियम होता.

"तुमाले साहेबानं भाजीच्या पानावर धाडलं त मले कोरियाचं कोण सांगन? रात्रीवाले त वाचतबी नाहीत, फाडून फेकतेत. मी खिळे टाकीन, त्यात काय. तुमी गेल्या त कोरिया गेला."

मी तशीच वर जाऊन देवपुजारींना सांगितलं, की चूक माझी आहे. त्यांचा विश्वास बसला नाही. "बाई, तुम्ही त्याला वाचवून राहिल्या. तुम्ही इंग्रजीच्या एम. ए., तुम्हाला पाक आणि पाकिस्तान कळत नाही?" त्यांच्या या विश्वासाने मला आयुष्यात कधी नाही इतकी लाज वाटली. मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "पुरावा आणा."

पुरावा चुलीत गेला होता. तेव्हा शनिवारी सकाळी लवकर येऊन मी तो नव्याने तयार केला. होय, तुमच्या आजीने खोटा कागद केला, तोही स्वतःविरुद्ध. माझ्या नेहमीच्या हिरव्या शाईने ती बातमी चुकीसकट जशीच्या तशी लिहिली. 'पाकिस्तान' शब्दाखाली, नेहमीप्रमाणे, एक रेघ ओढली. कागदाच्या मधोमध सुईने सळईसारखं भोक पाडलं आणि चहाचा एक डागही दिला. चार वेळा तपासलं. मग तो देवपुजारींसमोर ठेवला आणि कपाटामागे सापडला म्हणून सांगितलं.

त्यांनी चष्मा लावून तो वाचला. भोकावरून बोट फिरवलं. मग सवयीने कागद उलटा केला आणि उलटाच बराच वेळ वाचत बसले.

आमच्याकडे कागदाची काटकसर असे. उपसंपादक टेलिप्रिंटरच्या वापरलेल्या कागदाच्या पाठीवर लिहीत. मी चार वेळा तपासली ती पुढची बाजू.

"बाई," देवपुजारी म्हणाले, "बुधवारच्या कॉपीच्या पाठीवर शुक्रवारची बातमी आहे."

देवपुजारींचे खांदे हलायला लागले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि बाहेरच्या टेबलावरची माणसं मान वर करून बघू लागली.

"आता पटलं," ते म्हणाले. "इतक्या टापटिपीनं इतकं चुकणारं माणूस या कचेरीत एकच आहे. पहिली चूकही तुमचीच."

सोमवारपासून रामटेके आपल्या जागेवर परतला आणि वर्ष संपण्याआधी फोरमन झाला. सोमवारपासूनच मी महिलांच्या पानावर गेले.

पुढची दोन वर्षं मी तिथे काढली. नंतर मला बातम्यांवर परत बोलावलं. पुढचा कोरिया मी माझ्या टेबलावरूनच पाहिला. दोन्ही कोरिया बँकॉकच्या अंतिम सामन्यात गोलशून्य खेळले आणि सुवर्णपदक वाटून घेतलं, तेही मीच छापलं. त्र्याऐंशीला त्यांनी धंदेवाईक साखळी स्पर्धा सुरू केली. शहाऐंशीला, बत्तीस वर्षांनी, दक्षिण कोरिया पुन्हा विश्वचषकाला गेला. त्यांचा तिथला पहिला गोल आणि पहिला गुण त्या वर्षीचा. ज्यांना आपण जकार्तात हरवलं ते कुठे पोचले, आणि आपण कुठे राहिलो, हे मी तारीखवार सांगू शकते. असं का झालं हे मात्र माझ्या डब्यातल्या एकाही कार्डावर नाही.

पण सांगायची आहेत ती महिलांच्या पानावरची दोन वर्षं. पहिल्याच आठवड्यात मी चिरोट्यांची कृती दिली. ती जुळवायला घेण्याआधी रामटेके स्वतः वर आला आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्याने विचारलं, "बाई, यात दोनतारी पाक लिहिला आहे. हा पुरा लिहू, का असाच ठेवू?"

मी असाच ठेवायला सांगितलं. मग तो म्हणाला, की पानाच्या तळाशी आठ ओळींची जागा उरते. कोणाची तरी सुविचाराची जुनी जुळवणी पडली आहे, ती टाकू का, की बाईंकडे दुसरं काही आहे. बाईंकडे काय आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जेवणाच्या सुट्टीत टेलिप्रिंटरपाशी मला कोणी अडवत नव्हतं.

अशा रीतीने चिरोटे, लोकरीचे मोजे आणि बाळाचं पुरळ यांच्या खाली, बारीक टाइपात, कोरियाचा फुटबॉल सुरू झाला. देवपुजारी ते पान कधी वाचत नसत. वाचकांकडूनही तक्रार आली नाही. ते कोणी वाचत नाही असाच मी याचा अर्थ घेतला. दर आठवड्याला मी ते एका कंपोझिटरसाठी लिहीत होते.

मग खाप्याहून एका बाईंचं पोस्टकार्ड आलं. अक्षर टपोरं, ओळी चढत गेलेल्या. चिरोटे मऊ पडले, तुम्ही सांगता त्याहून पाक पक्का हवा, अशी सुरुवात होती. ते बरोबरच होतं, मी चिरोटे आजतागायत केलेले नाहीत. पुढे लिहिलं होतं: 'खाली कोरियाचे येते ते आम्ही मायलेकी वाचतो. मागच्या खेपेस अर्धेच छापले. जपानशी बरोबरी झाली, मग ऑलिंपिकला दोघांतून कोण गेले ते कळले नाही. सविस्तर कळवावे.'

मी ते कार्ड घेऊन खाली गेले. रामटेकेने हात पुसले, उभ्याउभ्या ते वाचलं, परत एकदा वाचलं आणि माझ्या हातात दिलं. मग तो रविवारच्या पानाकडे वळला. तिथे नारळाच्या वड्यांची कृती जुळवून तयार होती.

"बाई, आठ ओळींत नाही मावणार हे. दोन ओळी अजून लागन."

"कुठून आणायच्या?"

त्याने वाकड्या बोटाने कृतीवरून खाली येत शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या रविवारी कोरियाची हकीकत पूर्ण छापून आली, आणि नागपुरात आमच्या पेपरवर विसंबून ज्यांनी नारळाच्या वड्या केल्या त्यांच्या वेलदोड्याशिवाय झाल्या.